यंत्रणा स्वयंचलित झाली, मग पाळीवरचा ताण का उरला?

रात्रपाळी (धागाकर्ता):

मी गेली अठरा वर्षे प्रक्रिया उद्योगातील नियंत्रणकक्षात आहे. पहिली अकरा वर्षे पॅनलवर आणि त्यानंतर पाळीप्रमुख म्हणून. हा धागा काढण्यामागे एक जुनी घटना आहे. तिच्या चौकशी अहवालातील एक वाक्य अजून माझ्या मनातून गेलेले नाही.

रात्रीचे पावणेतीन वाजले होते. एका टाकीची पातळी पडद्यावर ६२.४ टक्के दिसत होती आणि जवळजवळ दोन तास ती तेवढीच होती. पॅनलवरील सहकाऱ्याने लॉगबुकमध्ये एक वाजता ६२.४ लिहिले, दोन वाजताही ६२.४ लिहिले. प्रत्यक्षात पातळी मोजून आकडा पाठवणाऱ्या ट्रान्समीटरची इम्पल्स लाइन, म्हणजे त्याला टाकीशी जोडणारी बारीक नळी, चोक झाली होती आणि आकडा गोठला होता. मधल्या काळात टाकीत येणारा प्रवाह थोडा वाढवला गेला. स्वयंचलित कंट्रोलरच्या दृष्टीने मात्र पातळी सेटपॉइंटवर, म्हणजे ठरवून दिलेल्या आकड्यावरच असल्याने त्याने व्हॉल्व्ह हलवला नाही. टाकी शांतपणे भरत गेली. पहिली सूचना मिळाली ती स्वतंत्र असलेल्या हाय लेव्हल स्विचकडून, आणि तोवर द्रव पुढच्या विभागात जाऊ लागला होता. नंतरच्या दहा मिनिटांत एकशे चाळीसपेक्षा जास्त अलार्म आले. फील्ड ऑपरेटरने बॅटरी लावून साइट ग्लास, म्हणजे पातळी थेट दाखवणारी टाकीवरची काच, पाहिली तेव्हा ती वरपर्यंत भरलेली होती. कोणालाही इजा झाली नाही, पण प्लांट बंद करावा लागला.

अहवालात कारण म्हणून लिहिले गेले, ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’.

मी त्या रात्री तिथे होतो. तो सहकारी झोपला नव्हता, फोनवर नव्हता, गप्पा मारत नव्हता. तो पडद्याकडे पाहत होता, आणि त्याने ती रेषा पाहिलीही होती. ट्रेंडवर, म्हणजे वेळेनुसार आकड्याच्या आलेखावर, आखल्यासारखी सरळ रेषा होती. जिवंत पातळी कधीही इतकी सरळ राहत नाही. तिला बारीक थरथर असते, आणि हे पॅनलवर वर्षभर बसलेल्या कोणालाही ठाऊक असते. तरीही त्याला ती खटकली नाही. पुढे कित्येक रात्री मी स्वतःला विचारत राहिलो की मी त्या खुर्चीत असतो तर मला ती खटकली असती का. प्रामाणिक उत्तर असे की मला खात्री नाही.

तेव्हापासून मी स्वयंचलन, ताण आणि ऑपरेटरची कामगिरी यांवरील संशोधन जमेल तसे वाचत आलो आहे. माझी धारणा अशी झाली आहे की स्वयंचलनाने ताण कमी होत नाही, तो फक्त जागा बदलतो. पूर्वी तो आठ तासांवर पसरलेला असे. आता सात तास पन्नास मिनिटांची निष्क्रिय निगराणी असते आणि उरलेल्या दहा मिनिटांत माणसाच्या आवाक्याबाहेरचा भार येतो. शिवाय ती निगराणी म्हणजे विश्रांती नव्हे, हे आपण मान्यच करत नाही. या क्षेत्रातील किंवा अशा कामाचा अनुभव असलेल्या सदस्यांनी याविषयी लिहावे, अशी विनंती आहे.

प्रयोगशाळा:

अवधान हा माझ्या संशोधनाचा विषय आहे, म्हणून आपल्या शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते. निगराणी म्हणजे विश्रांती नव्हे, या विधानामागे भक्कम पुरावा आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे रडार ऑपरेटर पाणबुड्यांच्या शोधासाठी तासन्‌तास पडद्यासमोर बसत आणि पाळी लांबत जाई तसे त्यांच्याकडून खुणा निसटू लागत. नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्यासाठी एक साधे उपकरण तयार केले. कोऱ्या तबकडीवर एक काटा ठरावीक गतीने टकटक पुढे सरकतो आणि क्वचित कधीतरी एकदम दुप्पट उडी घेतो. ती उडी दिसली की बटण दाबायचे. बैठक दोन तासांची. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात असे दिसले की ओळखण्याचे प्रमाण सर्वाधिक घसरते ते पहिल्या अर्ध्या तासातच. काटा न दिसण्याइतका बारीक नव्हता आणि बसणारी माणसेही आळशी नव्हती. अर्धा तास काम आणि अर्धा तास विश्रांती अशी आलटूनपालटून व्यवस्था केली की घसरण होत नसे.

यानंतर बराच काळ असे मानले गेले की हे काम कंटाळवाणे आणि हलके असल्यामुळे मेंदू सुस्तावतो. हा समज पुढे टिकला नाही. १९८८ साली सँड्रा हार्ट आणि लोवेल स्टेव्हलँड यांनी नासासाठी तयार केलेली कार्यभार मोजण्याची प्रश्नावली, म्हणजे टीएलएक्स, आज सर्वत्र वापरली जाते. मानसिक मागणी, शारीरिक मागणी, वेळेचा दबाव, कामगिरी, प्रयत्न आणि वैताग अशा सहा अंगांनी माणूस आपल्या कामाचे मोजमाप त्यात देतो. जोएल वॉर्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निगराणीच्या कामांना ही प्रश्नावली लावली, तेव्हा भार अपेक्षेपेक्षा बराच जास्त निघाला आणि त्यातील मोठा वाटा मानसिक मागणी व वैताग यांचा होता. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तप्रवाहाचा वेग अल्ट्रासाउंडने मोजला असता तोही बैठकीबरोबर घटत गेला. पण तोच पडदा काहीही शोधायचे नसताना नुसता पाहत बसलेल्या व्यक्तींमध्ये अशी घट आढळली नाही. म्हणजे डोळे उघडे ठेवून बसण्याने थकवा येत नाही, तर क्वचित येणाऱ्या खुणेसाठी सतत तयार राहण्याने येतो. अशा बैठकीनंतर माणसे स्वतःच सांगतात की कामातील गुंतलेपण ओसरले आहे आणि त्रस्तपणा वाढला आहे.

आपल्या सहकाऱ्याविषयी मला आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. राजा परशुरामन, रॉबर्ट मॉलॉय आणि इंद्रमणी सिंग यांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात सहभागींना एकाच वेळी तीन कामे दिली होती. दोन हाताने करायची आणि तिसरे, म्हणजे इंजिनाच्या मापकांवरील निगराणी, स्वयंचलित यंत्रणेकडे सोपवलेले. या यंत्रणेची विश्वासार्हता एका गटासाठी कायम सारखी होती, तर दुसऱ्या गटासाठी वरखाली होत होती. यंत्रणा चुकली की ते ओळखण्यात सारखी विश्वासार्हता अनुभवणारा गट फार मागे पडला. विशेष म्हणजे निगराणी हे एकच काम असेल तेव्हा असा फरक जवळजवळ दिसत नाही. अनेक कामे हाताशी असताना माणूस आपले अवधान जिथे गरज दिसते तिथे वळवतो, आणि जी यंत्रणा कधीच चुकत नाही तिच्याकडून ते काढून घेतो. ज्या पातळीने दोन तास काही मागितले नाही, तिच्याकडे मन न जाणे हा बेफिकीरपणा नव्हे. अवधानाची वाटणी अशीच होते.

इन्स्ट्रुमेंट अभियंता:

धागाकर्त्यांच्या तळमळीविषयी पूर्ण आदर ठेवून मी दुसरी बाजू मांडतो. स्वयंचलनाने औद्योगिक काम आणि हवाई प्रवास अधिक सुरक्षित केला आहे, हे आपण सर्वांनीच मान्य करायला हवे. तसेच गोठलेला आकडा ओळखणे हे मुळात माणसाचे कामच नसावे. सिग्नलमधील नैसर्गिक थरथर ठरावीक वेळ नाहीशी झाली की ट्रान्समीटर संशयास्पद ठरवणारी तपासणी बसवता येते. दोन वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणारे ट्रान्समीटर लावून त्यांतील फरकावर अलार्म देता येतो. आपल्या उदाहरणात दोष माणसाचा नाही, हे मला मान्य आहे; पण तो स्वयंचलनाचाही नाही. तो अपुऱ्या स्वयंचलनाचा आहे.

याला आधार म्हणून एक जुनी घटना सांगतो. २८ मार्च १९७९ रोजी थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडला आणि परत मिटलाच नाही. पॅनलवरील दिवा मात्र विझला, कारण तो व्हॉल्व्हची स्थिती दाखवत नव्हता, त्याला दिलेली आज्ञा दाखवत होता. ऑपरेटरांनी व्हॉल्व्ह बंद झाला असे समजून पुढचे निर्णय घेतले, प्रणालीत पाणी जास्त झाले आहे असा अर्थ काढला आणि आपत्कालीन पाणीपुरवठा कमी केला. पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक अलार्म वाजले होते. दिव्याची जोडणी योग्य जागी असती तर ताण, अवधान वगैरे प्रश्न उपस्थितच झाले नसते. म्हणून माझा आग्रह असा आहे की माणसाच्या मर्यादांवर इतके लिहिण्यापेक्षा मापन आणि तर्क सुधारावेत.

रात्रपाळी:

आपल्या सूचना योग्य आहेत, आणि त्या घटनेनंतर आमच्याकडे त्यांतील एक अमलातही आली. तरीही ‘अपुरे स्वयंचलन’ या निष्कर्षाशी मी थांबू शकत नाही.

लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ साली ‘ऑटोमॅटिका’ या नियतकालिकात एक छोटा निबंध लिहिला. तो मी दरवर्षी एकदा तरी वाचतो. त्यांचा मुद्दा असा की रचनाकार माणसाला बेभरवशाचा समजून त्याच्याकडून काम काढून घेतो, पण जे काम कसे स्वयंचलित करावे हे रचनाकारालाच सुचत नाही ते मात्र त्याच बेभरवशाच्या माणसासाठी शिल्लक ठेवतो. म्हणजे सोपे ते यंत्राकडे आणि सर्वांत अवघड ते माणसाकडे, तेही सरावाशिवाय. मॅकवर्थ यांच्या प्रयोगांचा आधार घेऊन त्या हेही दाखवतात की जिथे फारसे काही घडत नाही अशा ठिकाणी अर्ध्या तासापलीकडे परिणामकारक लक्ष ठेवणे माणसाला शक्य नसते, आणि आपण तर त्याला नेमके तेच काम देतो.

त्याच निबंधात आणखी एक निरीक्षण आहे, जे पॅनलवर बसलेल्या माणसाला लगेच पटते. चांगले स्वयंचलन बिघाड झाकून ठेवते. पाइपात गाळ साचू लागला की कंट्रोलर हळूहळू व्हॉल्व्ह जास्त उघडत जातो आणि प्रवाहाचा आकडा जिथल्या तिथे राहतो. पडद्यावर सर्व ठीक दिसत असते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि आता देण्यासारखे काही उरले नाही, अशा क्षणी आकडा ढासळू लागतो आणि तेव्हा लूप, म्हणजे मापन, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह यांची साखळी, माणसाच्या ताब्यात येतो. हातातल्या व्हॉल्व्हने तोच प्रवाह राखणाऱ्या माणसाला पहिल्या तासातच ‘आज हा जास्त मागतो आहे’ हे कळले असते.

आपण सुचवलेली तपासणी गोठलेला सिग्नल पकडेल. पण हळूहळू सरकणारा, थरथर कायम असलेला आणि तरीही खोटा सिग्नल ती पकडणार नाही. त्यासाठी पुन्हा वेगळी तपासणी लागेल आणि तिचे अलार्म पुन्हा त्याच खुर्चीकडे येतील.

अतिदक्षता:

अलार्मचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. आमच्याकडे प्रत्येक खाटेभोवती मॉनिटर, व्हेंटिलेटर आणि औषधाचे पंप असतात आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो. रुग्णाने कूस बदलली, बोटावरचा सेन्सर सरकला, छातीवरचे इलेक्ट्रोड सुटले, तरी अलार्म होतो. बहुसंख्य अलार्मना रुग्णासाठी काही करावे लागत नाही, असे आमच्या क्षेत्रातील अभ्यासांत सातत्याने आढळले आहे. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१४ पासून अलार्मचे व्यवस्थापन रुग्णसुरक्षेच्या राष्ट्रीय उद्दिष्टांत घातले, यावरून हा प्रश्न किती मोठा आहे ते लक्षात यावे.

एकदा पहाटे मी एका रुग्णाची नळी साफ करत होते. हात निर्जंतुक हातमोज्यांत आणि पाठ शेजारच्या खाटेकडे. शेजारचा मॉनिटर वाजू लागला. तो त्या पाळीत आधी अनेकदा वाजला होता आणि दर वेळी सेन्सरच सैल निघाला होता. मी हातातले काम पुरे केले आणि मगच वळले. त्या वेळी ऑक्सिजन खरोखरच उतरलेला होता. रुग्ण सावरला. मधला काळ मिनिटाच्या आतला असेल, पण तो मला आजही आठवतो. मला आवाज ऐकू आला होता. माझ्या मनाने त्याचा अर्थ आधीच ठरवून टाकला होता, इतकेच.

यातील अंकगणित मला नंतर एका प्रशिक्षणात समजले आणि ते सर्वांना माहीत असावे असे वाटते. समजा दहा हजार तपासण्यांत एकदाच खरा धोका असतो, आणि अलार्म खरा धोका शंभरपैकी नव्याण्णव वेळा पकडतो व निर्धोक स्थितीत शंभरपैकी एकदाच चुकून वाजतो. कागदावर हे उपकरण उत्तम आहे. तरीही एका खऱ्या इशाऱ्यामागे सुमारे शंभर खोटे इशारे येतील. धोका दुर्मीळ असेल तर चांगले उपकरणही बहुतेक वेळा खोटेच बोलते, आणि ऐकणारा माणूस अनुभवातून नेमके तेच शिकतो. अशा वेळी ‘प्रत्येक अलार्म खरा समजून धावा’ अशी सूचना भिंतीवर लावून काही साधत नाही.

इन्स्ट्रुमेंट अभियंता:

आपला अनुभव आणि हे गणित वाचून माझ्या आधीच्या प्रतिसादात मला भर घालावी लागते. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते, आणि एक व्हॉल्व्ह प्रत्यक्षात बंद असताना यंत्रणा तो उघडा दाखवत होती. अलार्म प्रणालींविषयीची ‘ईईएमयूए १९१’ ही मार्गदर्शिका त्यानंतर १९९९ साली आली. स्थिर परिस्थितीत एका ऑपरेटरला दहा मिनिटांत सरासरी एकापेक्षा कमी अलार्म यावा, असा तिचा निकष आहे. मी हा निकष अनेकदा प्रकल्पाच्या कागदपत्रांत उद्धृत केला आहे. तो यंत्राचा नाही, माणसाच्या क्षमतेचा निकष आहे, हे मात्र आज इथे वाचताना मला प्रथमच नीट जाणवले. मी स्वतः अलार्म जोडताना ‘असू दे, उपयोगी पडेल’ असे म्हणत आलो आहे, आणि त्या प्रत्येक ‘असू दे’ची किंमत दुसऱ्या कोणाच्या पाळीत मोजली गेली असणार.

सिम्युलेटर प्रशिक्षक:

मी वैमानिकांना सिम्युलेटरवर प्रशिक्षण देतो. धागाकर्ते ज्याला शेवटची दहा मिनिटे म्हणतात त्याविषयी लिहितो, कारण आमच्याकडे ती कधी कधी चारच असतात.

रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे ४४७ हे विमान १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरात कोसळले आणि २२८ जणांचा मृत्यू झाला. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फाचे स्फटिक अडकले, वेगाचे आकडे एकमेकांशी जुळेनासे झाले आणि ऑटोपायलट सुटला. तिथून पाण्यावर आदळेपर्यंत साधारण चार मिनिटे वीस सेकंद गेली. नळ्या थोड्याच वेळात पूर्ववत झाल्या होत्या. पण तोवर विमानाचे नाक वर खेचले गेले होते आणि विमान स्टॉलमध्ये शिरले होते, म्हणजे पंखांचा उचलून धरणारा जोर ढासळला होता.

यातील एक तपशील मी प्रत्येक तुकडीला थांबून समजावतो. मोजलेला वेग साठ नॉटच्या खाली गेला की ते मापन अवैध धरून स्टॉलचा इशारा बंद होत असे. वैमानिकाने नाक खाली केले की वेग वाढून मापन पुन्हा वैध ठरे आणि इशारा पुन्हा वाजू लागे. म्हणजे योग्य कृती केली की धोक्याचा आवाज सुरू होई आणि चुकीची कृती केली की तो थांबे. रात्रीचा अंधार, वादळी हवा, एकामागून एक येणारे संदेश, आणि हातात एकाएकी आलेले असे विमान, जे त्या उंचीवर हाताने उडवण्याचा सराव जवळजवळ कोणालाच नसे. अशा अवस्थेत मन त्या आवाजातून काय शिकेल, याचा विचार वाचकांनी करावा.

अशा ताणात माणसाचे लक्ष आकुंचन पावते. १९५९ साली जे. ए. ईस्टरब्रुक यांनी मांडलेला विचार असा की उत्तेजना वाढते तशा माणूस वापरत असलेल्या खुणा कमी होत जातात. आधी अनावश्यक खुणा गळतात, म्हणून काही काळ कामगिरी सुधारते, आणि नंतर आवश्यक खुणाही गळू लागतात. सिम्युलेटरमध्ये मी हे दर आठवड्याला पाहतो. सहवैमानिक स्पष्ट शब्दांत उंची सांगत असतो, आणि नियंत्रण हाती असलेल्या वैमानिकाला नंतर विचारले तर ते वाक्य आपण ऐकलेच नाही असे तो मनापासून सांगतो.

सरावाविषयी एक गैरसमज दूर करावासा वाटतो. स्वयंचलनामुळे वैमानिक ‘हात विसरतात’ असे म्हटले जाते. स्टीफन कॅस्नर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सोळा व्यावसायिक वैमानिकांना बोइंग ७४७-४०० च्या सिम्युलेटरवर तपासले. उपकरणांवरून नजर फिरवणे आणि विमान हाताळणे ही कौशल्ये थोडी गंजली तरी बऱ्यापैकी टिकून होती. ढासळले होते ते विचाराचे काम: नकाशाच्या पडद्याशिवाय आपण कुठे आहोत याचा हिशेब ठेवणे, पुढची पायरी ठरवणे, एखादे उपकरण खोटे दाखवते आहे हे ओळखणे. आपल्या सहकाऱ्याच्या सरळ रेषेशी याचे नाते मला फार जवळचे वाटते.

प्रयोगशाळा:

ताण आणि कामगिरी यांचा विषय निघाला की एक उलट्या ‘यू’च्या आकाराची आकृती दाखवली जाते आणि तिला येर्किस-डॉडसन नियम म्हणतात. थोडा ताण हवा, फार नको, असा तिचा अर्थ लावला जातो. व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणांत ती इतकी वापरली जाते की तिच्याविषयी लिहिणे मला गरजेचे वाटते. रॉबर्ट येर्किस आणि जॉन डॉडसन यांचा १९०८ चा प्रयोग उंदरांवर होता. उजळ आणि काळोखी पेटी यांतील भेद शिकवताना दिल्या जाणाऱ्या विजेच्या झटक्याची तीव्रता त्यांनी बदलली होती. भेद सोपा असताना झटका जितका तीव्र तितके शिकणे जलद झाले. भेद अवघड केल्यावर मध्यम झटका अधिक चांगला ठरला. नियंत्रणकक्षातील माणसाच्या ताणाविषयी त्यांनी काहीही म्हटलेले नव्हते. पाळीवरील माणसाला ‘थोडा दबाव चांगलाच असतो’ असे सांगताना या प्रयोगाचा आधार घेणे मला अन्यायाचे वाटते.

त्यापेक्षा उपयुक्त मांडणी पीटर हँकॉक आणि जोएल वॉर्म यांची आहे. १९८९ साली त्यांनी असे सुचवले की ताण केवळ उष्णता, आवाज अशा बाहेरच्या गोष्टींतून येत नाही, काम स्वतःच ताणाचा स्रोत असते. मागणी फार वाढली तरी आणि फार घटली तरी. माणूस बराच काळ जुळवून घेतो, आणि त्या पट्ट्यात कामगिरी जवळजवळ सपाट राहते. शरीर कोलमडण्याच्या कितीतरी आधी अवधान कोलमडते. रॉबर्ट हॉकी यांनी १९९७ मध्ये याच सपाट पट्ट्यात काय घडते ते मांडले. माणूस मुख्य काम जास्त प्रयत्न करून सांभाळतो आणि किंमत दुसरीकडे देतो. दुय्यम कामे मागे पडतात, विचारपूर्वक पद्धती सोडून सोपी पद्धत धरली जाते, पाळी संपल्यावर थकवा रेंगाळतो.

म्हणून केवळ उत्पादनाचे आकडे पाहून ‘ऑपरेटर ठीक आहेत’ असे म्हणता येत नाही. आकडे बिघडण्याआधी बिघडतात त्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी: ट्रेंड उघडून पाहण्याऐवजी फक्त चालू आकडा पाहणे, फील्डकडून खात्री न करणे, पाळी सोपवतानाच्या हँडओव्हरमध्ये ‘सर्व नॉर्मल’ एवढेच लिहिणे. धागाकर्त्यांना एक प्रश्न विचारते. एक आणि दोन वाजता ६२.४ लिहिणारा तो हात आकडा तपासत होता, की फक्त उतरवत होता?

रात्रपाळी:

उतरवत होता. आम्ही सर्वच उतरवत होतो. रकाना भरणे हे काम होते आणि ते चोख होत होते.

इन्स्ट्रुमेंट अभियंता:

माझा एक प्रश्न उरतो. स्वयंचलन काढून टाका असे येथे कोणीच म्हणत नाही. मग ते किती असावे आणि कुठे थांबावे, याविषयी संशोधन काही सांगते का? अर्धवट स्वयंचलन हेच सर्वांत धोक्याचे असू शकते, ही माझी शंका अजून गेलेली नाही.

प्रयोगशाळा:

काही प्रमाणात सांगते. परशुरामन, शेरिडन आणि विकेन्स यांनी २००० साली स्वयंचलनाचे चार टप्पे केले: माहिती मिळवणे, तिचा अर्थ लावणे, कृती निवडणे आणि ती अमलात आणणे. प्रत्येक टप्पा कमीअधिक प्रमाणात स्वयंचलित असू शकतो. लिंडा ओनाश आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. स्वयंचलन वाढते तशी नेहमीची कामगिरी सुधारते आणि भार घटतो, पण यंत्रणा चुकल्यावर सावरण्याची क्षमता आणि परिस्थितीचे भान कमी होते. हा तोटा विशेष वाढतो तो यंत्रणा अर्थ लावण्यापलीकडे जाऊन कृती निवडू लागते तिथे. आपल्या शंकेशी मी अंशतः सहमत आहे. जवळजवळ पूर्ण भरवशाची, पण पूर्ण नसलेली यंत्रणा माणसासाठी सर्वांत अवघड असते. ती पूर्ण करता येत असेल तर जरूर करावी; येत नसेल तर माणसाला वर्तुळाबाहेर बसवून ठेवू नये.

एक दिलासा देणारा निष्कर्षही आहे. परशुरामन यांच्याच गटाने १९९६ साली दाखवले की निगराणीचे काम मध्येच थोडा वेळ माणसाच्या हाती दिले, तर ते पुन्हा यंत्रणेकडे गेल्यावरही तिच्या चुका ओळखण्याचे प्रमाण काही काळ सुधारलेले राहते.

रात्रपाळी:

या शेवटच्या निष्कर्षाशी जुळणारा अनुभव आमच्याकडे आहे. मी पाळीप्रमुख झाल्यावर सुरक्षा विभागाच्या संमतीने दोन बदल केले. मध्यरात्रीनंतर प्रत्येक ऑपरेटर एक ठरलेला, निर्धोक लूप वीस मिनिटे मॅन्युअलवर घेतो, शेजारचा सहकारी लक्ष ठेवतो, आणि मग लूप परत ऑटोवर जातो. पहिल्या महिन्यात तक्रारी आल्या, कारण कोणालाही रात्री दोन वाजता जास्तीचे काम नको असते. नंतर तेच ऑपरेटर हँडओव्हरमध्ये ‘आज हा व्हॉल्व्ह जड वाटला’ असे लिहू लागले.

दुसरा बदल लॉगबुकमधला आहे. पूर्वी वेळ आणि आकडा असे दोन रकाने होते. आता मध्ये एक रकाना आहे, ‘अपेक्षित’. पडद्याकडे पाहण्याआधी, मागच्या तासातील आवक आणि जावक यांवरून पातळी किती असायला हवी याचा अंदाज त्यात पेनाने लिहायचा, आणि नंतर ट्रेंड उघडून खरा आकडा पुढच्या रकान्यात लिहायचा. अंदाज चुकला तर कोणी काही म्हणत नाही. फरक मोठा असेल तर फील्ड ऑपरेटर साइट ग्लास पाहून येतो.

मागच्या हिवाळ्यात एका नव्या मुलीने ‘अपेक्षित’मध्ये ५८ लिहिले आणि पडद्यावर ५४ होते. तिने आपली आकडेमोड दोनदा तपासली आणि मग रेडिओवर फील्डला विचारले. साइट ग्लासमध्ये ५८ होते. ट्रान्समीटर हळूहळू सरकत होता, त्याच्या रेषेला थरथर होती आणि कोणताही अलार्म आलेला नव्हता.

अहवालात ज्याच्या नावापुढे दुर्लक्ष असे लिहिले गेले होते, तो सहकारी त्या रात्री तिच्या शेजारच्या खुर्चीत होता. तिला तो रकाना भरायला त्यानेच शिकवले होते.